साडेतीन हजार शब्दांची यादी आधी बाजूला ठेव

तू विचारलंयस की सप्टेंबरात उदगीरहून मँचेस्टरला एमएस्सीला जायचंय, हातात चार महिने आहेत, साडेतीन हजार अवघड इंग्रजी शब्दांची मराठी अर्थांसह यादी मिळालीय. रोज तीस पाठ केले तर तिथं इंग्रजी कमी पडणार नाही ना? व्हिसा, फी, बँकेत दाखवायचे पैसे यांवर मी काही लिहीत नाही, ते सरकारी वेबसाइटवर नीट दिलेलं आहे. पण तुझ्या प्रश्नाचं शेवटचं वाक्य टोचलं, म्हणून एवढं लांब लिहितेय. मी मूळची नांदेडची, राहते इंग्लंडात. वयानं मोठी, म्हणून अरेतुरे करतेय.

पहिली गोष्ट, ती यादी तुझ्या कामाचीच नाही. अशा याद्या अमेरिकेला शिकायला जाणाऱ्यांच्या जीआरई या प्रवेश परीक्षेसाठी बनल्या. त्या परीक्षेत पूर्वी विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांचे प्रश्न असायचे. २०११ मध्ये ते काढून टाकले, याद्या मात्र हातोहात फिरतच राहिल्या. तू देणार आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजी कितपत येतं हे तपासणारी परीक्षा. तिच्यात लेखनाला आणि बोलण्याला चार निकष असतात, त्यातला शब्दसंपत्ती हा एक, म्हणजे २५ टक्के. शब्द दुर्मिळ आहे एवढ्यावर गुण मिळत नाहीत. तो जागेवर बसला का, त्याच्या शेजारी बरोबर शब्द आलाय का, हे परीक्षक बघतो. निबंधात ओढूनताणून ‘प्लेथोरा’ घातला की फायदा सोड, नुकसानच होतं. कारण त्यात ‘नको इतकं’ अशी छटा आहे आणि तुझ्या यादीत नुसतं ‘विपुलता’ लिहिलेलं असणार.

त्याऐवजी अकॅडेमिक वर्ड लिस्ट घे. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी ती २००० साली प्रसिद्ध केली, फुकट मिळते. तिच्यात ५७० शब्दकुळं आहेत. एक कूळ म्हणजे ‘अ‍ॅनलाइज’, ‘अनॅलिसिस’, ‘अ‍ॅनलिटिकल’ असा सगळा गोतावळा. दहा भाग पाडलेत, पहिल्या नऊ भागांत प्रत्येकी ६० आणि शेवटच्यात ३०. पहिल्या भागातले शब्द सगळ्यात जास्त वेळा भेटणारे. विद्यापीठातल्या वाचनात साधारण दर दहा शब्दांमागं एक या यादीतला असतो. रोज दहा कुळं धरली तर दोन महिन्यांत यादी संपते, उरलेले दोन महिने तुझ्या विषयाच्या शब्दांना आणि लेखनाला.

आता पाठ कसं करायचं. पाठांतराला नाकं मुरडणारे तिथं खूप भेटतील, लक्ष देऊ नकोस. लातूर पॅटर्नच्या मुलखातल्या पोराला पाठांतराची लाज कशाला? प्रश्न इतकाच की पाठ काय करायचं. मराठी प्रतिशब्द पाठ केलास की तीन इंग्रजी शब्द एकाच खुंटीला टांगले जातात. ‘रेटिसंट’, ‘टॅसिटर्न’, ‘लॅकोनिक’ या तिन्हींपुढं तुझ्या यादीत ‘अबोल’ किंवा ‘मितभाषी’ असेल. रेटिसंट म्हणजे मनातलं किंवा माहीत असलेलं सांगायला नाखूष. टॅसिटर्न म्हणजे स्वभावानंच कमी बोलणारा, जरा घुमाच. लॅकोनिक हे बोलण्याच्या पद्धतीबद्दल आहे, थोडक्या शब्दांत काम भागवणारी. म्हणून व्याख्या पाठ करायची, आणि ती दोन प्रश्नांनी तोडायची: ही कोणत्या प्रकारची गोष्ट, आणि त्याच प्रकारच्या इतरांपासून वेगळी कशानं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नसेल तर तो शब्द तुला आलेला नाही.

व्याख्या शिकणाऱ्यांच्या शब्दकोशातली घे, मोठ्या जाडजूड कोशातली नको. लाँगमनच्या कोशात सगळ्या व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांतच लिहायच्या असा १९७८ पासूनचा दंडक आहे. कोबिल्ड कोश अर्थ पूर्ण वाक्यात सांगतो, त्यामुळं शब्द वाक्यात कसा बसतो तेही कळतं. व्याख्या वाचायची, कोश मिटायचा आणि बारा शब्दांच्या आत स्वतःच्या सोप्या इंग्रजीत लिहायची. जुळली नाही तर पुन्हा. या पायरीला कंटाळून पाठांतराची तयार कार्डं डाउनलोड करणारे बहुतेक महिन्याभरात सगळंच सोडून देतात.

कार्डं अँकीत कर. हे जुनी कार्डं ठरावीक अंतरानं पुन्हा समोर आणणारं ॲप आहे, संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट. समोरच्या बाजूला गाळलेल्या जागेचं वाक्य आणि शब्दाचं पहिलं अक्षर, जसं ‘ट्रीज कॅन मि… द इफेक्ट्स ऑफ हीट’. मागं ‘मिटिगेट’, तुझी व्याख्या, सोबत येणारे दोन-तीन शब्द: रिस्क, इफेक्ट्स, डॅमेज. मग छटा: चांगली, वाईट की तटस्थ, लेखी की बोलण्यातला. वेदनेसाठी ‘अलीव्हिएट’ चालतो, हेही एका ओळीत. मराठी अर्थ अगदी शेवटी, आणि तोही तंतोतंत जुळत असेल तरच. रोज दहा नवी कार्डं म्हणजे काही आठवड्यांनी रोज सत्तर ते शंभर जुनी समोर येतात, त्याला अर्धा तास लागतो. अँकी मुळात रोज वीस नवी देतं, ते पहिल्याच दिवशी दहावर आण. एखादं कार्ड आठ वेळा विसरलास की अँकी त्यावर ‘लीच’ अशी खूण करतं, आणि सेटिंग तसं असेल तर ते बाजूलाही ठेवतं. ते हट्टानं परत आणू नकोस, वाक्य बदलून नवं कार्ड कर.

शब्द अकारविल्हे शिकायचे नाहीत. ‘अबेट’, ‘अ‍ॅबहॉर’, ‘अ‍ॅबज्युअर’ एका दिवशी घेतले तर तिन्ही एकमेकांना खातात. ‘मिटिगेट’ आणि ‘मिलिटेट’ यांच्यात किमान आठवड्याचं अंतर ठेव. सारख्या अर्थाच्या शब्दांची तुलना करायची, पण एकेक पक्का झाल्यावर.

उच्चार देवनागरीत लिही, शब्दाच्या ज्या तुकड्यावर जोर आहे त्याखाली रेघ मार. आपल्याला ॲ, ऑ आणि व-व्ह हा फरक लिपीतच मिळालाय, तो वापर. ‘इपिटमी’ला ‘एपिटोम’ आणि ‘हायपर्बली’ला ‘हायपरबोल’ म्हणणं हे डोळ्यांनीच शब्द शिकल्याचं लक्षण.

लॅटिन मुळांचा बाऊ करू नकोस, निम्मी तुझ्या ओळखीची आहेत. ‘डेंटल’मध्ये दंत, ‘मॉर्टल’मध्ये मृत, ‘इग्नाइट’मध्ये अग्नी, ‘कॉग्निशन’मध्ये ज्ञा. आठवणीला आधार म्हणून छान. अर्थ मात्र त्यावरून ठरवू नकोस.

काही शब्द उलट विसरावे लागतील. ‘आय पास्ड आउट इन ट्वेंटी ट्वेंटी फोर’ म्हटलंस तर समोरच्याला तू बेशुद्ध पडलास असं वाटेल. ‘एक्स्पायर’ दूध होतं, आजोबा नाही. शंका विचारायची तर ‘क्वेश्चन’. ‘डाउट’ म्हटलं की तुझा विश्वास नाही असा अर्थ निघतो.

आता खरं बोलायचं तर, तिथं अडवणारे शब्द कुठल्याच यादीत नसतात. व्हिसाच्या नियमांतलं ‘लीव्ह टु रिमेन’ घे. दोन्ही शब्द पाचवीतल्या पोराला येतात, पण इथं ‘लीव्ह’ म्हणजे रजा नाही आणि सोडणंही नाही, परवानगी. ‘नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स’ म्हणजे सरकारी भत्ते मागायचे नाहीत. नावाचं तर विचारूच नको. पासपोर्टात तुझ्या नावापुढं वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’च्याच रकान्यात असेल तर तिथं दोन्ही मिळून तुझं नाव होतं. बँकेत एक, विद्यापीठात दुसरं असं होऊ दिलंस की खुलाशांची पत्रं लिहीत बसशील, आणि प्रत्येक उत्तरात तेच गोड ‘अनफॉर्च्युनेटली’.

पुढं कधी लेकरं शाळेत गेली तर हे लक्षात ठेव. तिथल्या प्रगतिपत्रकात ‘वर्किंग टुवर्ड्स द एक्स्पेक्टेड स्टँडर्ड’ आलं की आपल्या माणसाला वाटतं, पोरगं नेटानं अभ्यास करतंय. अर्थ एवढाच की ठरलेल्या पातळीच्या खाली आहे. आणि घरात मराठी बोलतात एवढ्यावरून, पोर इंग्रजी कितीही फाडफाड बोलत असलं तरी, ‘इंग्रजी ही अतिरिक्त भाषा’ या गटात त्याची नोंद होते. यात कुणाचा वाईट हेतू नाही, हे कळतं मला. राग तरीही गेलेला नाही. शिक्षिकेपुढं तो नेमक्या शब्दांत मांडायला मला अजूनही इंग्रजी पुरत नाही, आणि माझ्या कपाटात शब्दकोश चार आहेत. म्हणूनच तुझं ते ‘कमी पडणार नाही ना’ टोचलं. कमी पडतं. परीक्षेत पडत नाही, भांडणात पडतं.

एकटेपणाचं तू विचारलं नाहीस, बरं केलंस. पहिला हिवाळा जड जातो, चारच्या सुमाराला अंधार पडतो. घरी फोन करायचा आणि जेवण वेळेवर करायचं.

ती ५७० कुळांची यादी संपली की रोजच्या दहा कार्डांतली दोन अशा कागदी शब्दांना दे. भाड्याच्या खोलीचा करार हातात आला की सहीआधी शोध: ‘गॅरंटर’, ‘इन अरिअर्स’, ‘फेअर वेअर अँड टेअर’, आणि विशेषतः ‘जॉइंटली अँड सेव्हरली लायबल’. त्यातलं ‘सेव्हरली’ म्हणजे प्रत्येक जण स्वतंत्रपणे, आणि तेही संपूर्ण भाड्याला. चौघांनी मिळून घर घेतलं आणि त्यातला एक निघून गेला, तर घरमालक त्याचं भाडं तुझ्या एकट्याकडून वसूल करू शकतो. अशा ओळीखाली सही करायची असेल तर आधी उरलेले तिघं कोण आहेत ते बघ.