अडीच महिन्यांच्या बाळाच्या ॲसिड रिफ्लक्सवर औषध सुरू केले आहे; फरक किती दिवसांत दिसेल आणि तो नेमका कोणता असेल?

तुम्ही लिहिले आहे की बाळ अडीच महिन्यांचे आहे, प्रत्येक वेळी दूध पाजल्यावर ते थोडेफार बाहेर टाकते, संध्याकाळी पाठ ताणून रडते, डॉक्टरांनी आम्ल कमी करणारे औषध सुरू करून दहा दिवस झाले तरी दूध टाकणे थांबलेले नाही, आणि आता औषध बदलावे की डॉक्टर, यावर घरात रोज चर्चा होते आहे. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि याच काळजीने आलेले आईवडील मला ओपीडीत जवळजवळ रोज भेटतात. बाळाला न तपासता त्याचे औषध बदलण्याचा सल्ला मी देणार नाही. मात्र उपचारांकडून तुम्ही जी अपेक्षा ठेवली आहे तीच मुळात वेगळी असायला हवी, हे नक्की सांगू शकतो. आम्ल कमी करणारे औषध दूध वर येणे थांबवत नाही. वर येणाऱ्या दुधातले आम्ल ते कमी करते, एवढेच त्याचे काम आहे. त्यामुळे दूध पूर्वीइतकेच बाहेर येत असेल, तर तेवढ्यावरून औषध लागू पडले नाही असे म्हणता येत नाही.

दूध वर का येते, म्हणजेच रिफ्लक्स का होतो, ते आधी पाहू. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते. ते एरवी मिटलेले राहते आणि घास खाली जाताना उघडते. मोठ्या माणसांतही हे कडे अधूनमधून आपोआप सैल पडते, पण बाळाच्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र येतात: त्याचा सगळा आहार पातळ असतो, ते दिवसाचा बहुतेक वेळ आडवे असते आणि त्याची अन्ननलिका आखूड असते. त्यामुळे कडे क्षणभर सैल झाले की दूध थेट तोंडापर्यंत येते. पहिल्या तीन महिन्यांत निम्म्याच्या आसपास बाळे दिवसातून एकदा तरी दूध टाकतात, चौथ्या महिन्याच्या सुमारास हे प्रमाण सर्वांत जास्त असते, आणि बाळ बसू लागले, घट्ट अन्न खाऊ लागले की ते झपाट्याने उतरते. वर्षाच्या सुमारास विसातल्या एखाद्याच मुलात ते उरते. म्हणजे तुमचे बाळ अजून चढावर आहे. येत्या महिन्या-दीड महिन्यात दूध टाकणे थोडे वाढले, तरी उपचार फसले असा त्याचा अर्थ होत नाही. या काळात आईवडिलांना धीर धरायला सांगणे सोपे आहे आणि तो धरणे फार अवघड आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे.

मग सुधारणा कशावरून ओळखायची? दुपट्यावरच्या डागांवरून ओळखू नका. ओपीडीत मी एक गोष्ट अनेक आयांना करून दाखवतो. कोरड्या दुपट्यावर दोन चहाचे चमचे, म्हणजे साधारण दहा मिलिलिटर पाणी ओततो. डाग तळहाताहून मोठा पसरतो आणि तो पाहून ‘आमचे बाळ एवढेच टाकते’ असे त्या स्वतःच म्हणतात. डोळ्यांना ‘सगळे दूध बाहेर आले’ असे वाटते तेव्हा पुष्कळदा एवढेच आलेले असते. खरी साक्ष वजनाची असते. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे वजन दिवसाला सरासरी पंचवीस ते तीस ग्रॅमने वाढते आणि पाचव्या महिन्याच्या आसपास ते जन्मवजनाच्या दुप्पट होते. माता व बाल संरक्षण कार्डावर वाढीचा आलेख असतो. त्यावर तुमच्या बाळाचे ठिपके आपल्या रेषेच्या जवळपास वर चढत असतील, दिवसाकाठी सहा किंवा अधिक वेळा शू होत असेल आणि रडे थांबल्यावर बाळ हसत-खेळत असेल, तर ‘दूध अंगी लागत नाही’ ही आजीची भीती तुम्ही मनातून काढू शकता. वजन थांबले असेल, बाळ छातीशी घेताच तोंड फिरवत असेल, दर वेळी पाजताना कळवळत असेल, तर मात्र हा आजार आहे आणि त्याला उपचार लागतात.

उपचारांची पहिली पायरी पाजण्याच्या पद्धतीत असते, आणि तिच्याकडे जेवढे लक्ष द्यायला हवे तेवढे दिले जात नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. अंगावर पाजत असाल तर ते कोणत्याही कारणाने बंद करू नका. बाळाच्या तोंडात फक्त बोंड न जाता भोवतीचा काळसर भागही पुरेसा जातो आहे ना, हे एखाद्या जाणत्या परिचारिकेकडून पाहून घ्या, कारण पकड सैल असली की बाळ दुधाबरोबर बरीच हवा गिळते. वरचे दूध चालू असेल तर दिवसभरातले एकूण प्रमाण मोजा. या वयात ते वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण दीडशे मिलिलिटर असते. पाच किलोच्या बाळाला दिवसात साडेसातशे मिलिलिटरच्या आसपास पुरते, आणि तेवढे आठ वेळांत विभागले तर एका वेळी नव्वद-पंच्याण्णवच होते. बाळ रडले की बाटली, असे करत काही घरांत हा आकडा हजारापर्यंत गेलेला मी पाहिला आहे. तिथे औषधाने काही साधत नाही, प्रमाण कमी केल्यावर दोन-तीन दिवसांत फरक दिसतो. मांडीवर आडवे टाकून बोंडल्याने घाईघाईने दूध ओतू नये. बाळाचे डोके वर ठेवून, मध्ये थांबत पाजावे. पाजून झाल्यावर ढेकर काढावा आणि वीस-तीस मिनिटे बाळाला उभे धरावे. ढेकर आलाच नाही तर पाठ थोपटत बसू नये, उभे धरणे पुरेसे आहे. तेल लावणाऱ्या बाईंची वेळ आणि पाजण्याची वेळ यांत अंतर ठेवा. भरल्या पोटी मालीश, पाय पोटाशी दुमडणे आणि लगेच बाळोत्यात घट्ट गुंडाळणे यामुळे दूध वर ढकलले जाते. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ते बंद झालेच पाहिजे, आणि बाळंतिणीच्या खोलीतली धुरीही.

झोपेबद्दल एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. दूध टाकणाऱ्या बाळालाही पाठीवरच, सपाट आणि टणक गादीवर झोपवायचे. पालथे किंवा कुशीवर झोपवणे, डोक्याखाली उशी देणे, गादी तिरकी करणे, रात्रभर झोळीत ठेवणे, यांतले काहीही रिफ्लक्सवरचा उपचार म्हणून करू नये. उताणे झोपल्यावर दूध श्वासनलिकेत जाईल ही भीती प्रत्येक घरात असते. पण बाळ उताणे असताना श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका तिच्या खाली असते, त्यामुळे वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत जायला चढावे लागते. पालथ्या बाळात ही रचना उलटी होते आणि झोपेत अचानक दगावण्याचा धोकाही वाढतो. तिरक्या उतारावर झोपवायची जी साधने ऑनलाइन मिळतात, त्यांच्या विक्रीवर अमेरिकेने 2022 साली कायद्याने बंदी घातली आहे. परदेशातून कोणी भेट म्हणून पाठवले तरी ती वापरू नका.

एवढे करूनही बाळ बेचैन असेल तर दुसरी शक्यता गाईच्या दुधातील प्रथिनांच्या ॲलर्जीची असते, विशेषतः शीमध्ये रक्ताचे धागे किंवा चिकट आव असेल, अंगावर खाजरे चट्टे असतील किंवा आईवडिलांना स्वतःला ॲलर्जीचा त्रास असेल तर. अशा वेळी अंगावर पाजणाऱ्या आईने दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर, खवा सगळे बंद करून पाहावे लागते. आपल्याकडे बाळंतिणीचा आहारच दुधातल्या अळिवाच्या खिरीवर चालतो, त्यामुळे हे सोपे नाही. या काळात कॅल्शियमची गोळी आणि डाळी, उसळी, तीळ, नाचणी यांची भर आवश्यक असते. बाळ वरच्या दुधावर असेल तर डॉक्टर प्रथिने तोडलेली विशेष पावडर लिहून देतात. बकरीचे किंवा म्हशीचे दूध हा पर्याय नव्हे, कारण त्यांतील प्रथिने गाईच्या दुधातल्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की त्रास तसाच राहतो. फरक पडला तरी ठरलेल्या मुदतीनंतर दूध पुन्हा सुरू करून खात्री करून घ्यावी, नाहीतर आईचा आहार विनाकारण वर्षभर तोडलेला राहतो.

आता औषध. ओमेप्राझोल, लान्सोप्राझोल, इसोमेप्राझोल या गटातली औषधे जठरातील आम्ल तयार होण्याची क्रिया दाबतात. ती रिकाम्या पोटी, पाजण्यापूर्वी साधारण अर्धा तास द्यावी लागतात आणि पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात. त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांत निकाल लावू नका, पण चार आठवड्यांनंतरही काहीच फरक नसेल तर ‘अजून थोडे दिवस देऊन पाहू’ असेही होऊ नये. औषध योग्य ठिकाणी पडले असेल तर पाजताना होणारी तडफड कमी होते, नकार कमी होतो, बाळ जास्त वेळ शांतपणे पिते आणि मग वजन चढू लागते. दुधाची गुळणी मात्र चालू राहते. फॅमोटिडीनसारखे औषध लवकर काम करते, पण काही आठवड्यांत शरीराला त्याची सवय होऊन परिणाम ओसरतो.

याबाबत एक अभ्यास आईवडिलांना माहीत असावा असे मला वाटते. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत, रिफ्लक्समुळे त्रास होतो असे मानलेल्या 162 बाळांपैकी निम्म्यांना लान्सोप्राझोल आणि निम्म्यांना औषधासारखेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य चार आठवडे दिले गेले. दोन्ही गटांत सुधारणा सारखीच, 54 टक्के, दिसली. औषध घेतलेल्या गटात छातीच्या संसर्गासारखे गंभीर त्रास मात्र जास्त आढळले. जठरातले आम्ल जंतूंना अडवण्याचेही काम करते, म्हणून ते विनाकारण दाबणे निर्धोक नाही. बाळांचे रडे सहाव्या आठवड्याच्या आसपास कळसाला पोहोचते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. त्याच सुमारास सुरू असलेल्या औषधाला त्याचे श्रेय जाते, मग ते कोणतेही असो. तुमच्या बाळाचे रडे मुख्यतः संध्याकाळीच असेल आणि वजन उत्तम वाढत असेल, तर ‘या औषधाची खरोखर गरज आहे का?’ हे डॉक्टरांना स्पष्ट विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. अन्ननलिकेला सूज असेल, वजन थांबले असेल, तर हेच औषध मोलाचे ठरते आणि तेव्हा ते घाबरून टाळू नये.

उलटी थांबवण्यासाठी डॉम्पेरिडोनचे थेंब आपल्याकडे सर्रास आणले जातात. बाळांच्या रिफ्लक्सवर त्याचा उपयोग होतो याचा भक्कम पुरावा नाही आणि हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून दुकानातून परस्पर आणून ते देऊ नका. ग्राइप वॉटरने रिफ्लक्स बरा होत नाही. बाळघुटी मधात उगाळून देण्याची पद्धत तर मी ठामपणे थांबवायला सांगतो, कारण वर्षाच्या आतील बाळाला मधातून बोट्युलिझम हा स्नायू लुळे करणारा आजार होऊ शकतो. दूध घट्ट करण्यासाठी नाचणीचे सत्त्व किंवा तांदळाची पेज सहा महिन्यांच्या आत स्वतःहून घालू नये. आईच्या दुधात तर ते टिकतही नाही, कारण त्यातले पाचक द्रव्य पिठाला पुन्हा पातळ करते.

काही लक्षणे दिसली तर मात्र हे सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे: हिरवी उलटी, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या रंगाचे कण, दर वेळी जोरात लांब फेकली जाणारी उलटी आणि लगेच पुन्हा भूक, फुगलेले कडक पोट, वर उचललेली टाळू, ताप, सुस्तपणा, किंवा सहा-आठ तासांत शू न होणे. फेकली जाणारी उलटी साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात सुरू झाली तर जठराचे खालचे तोंड आवळलेले असू शकते. त्याचे निदान सोनोग्राफीने होते आणि ते छोट्या शस्त्रक्रियेने पूर्ण बरे होते. साध्या रिफ्लक्ससाठी सोनोग्राफी, बेरियम पाजून काढलेला एक्स-रे किंवा दुर्बिणीची तपासणी सहसा लागत नाही. डॉक्टरांनी तपासण्या लिहिल्या नाहीत म्हणजे दुर्लक्ष केले, असे समजू नये.

औषध चालू ठेवायचे ठरले तर ते साधारण चार ते आठ आठवड्यांचे असते आणि सुरू करतानाच थांबवण्याची तारीख विचारून घ्यावी. बंद केल्यावर काही दिवस आम्ल थोडे जास्त तयार होऊन बाळ पुन्हा किरकिरे होऊ शकते. तेवढ्यावरून औषध लगेच परत सुरू करण्याची घाई नको, आठवडाभर पाहून मग डॉक्टरांशी बोला. पुढच्या भेटीला जाताना कार्ड, आठवड्याच्या वजनांची नोंद, आणि बाळ पीत असताना व रडत असताना मोबाइलवर काढलेला एकेक मिनिटाचा व्हिडिओ बरोबर न्या. शक्य असेल तर बाळाला तिथेच, डॉक्टरांसमोर पाजा, कारण पकड, वेग आणि ढेकर या तिन्ही गोष्टी चिठ्ठीवर लिहून कळत नाहीत.