उभ्या मोटरहोमची दुखणी : वाचकांचे प्रश्न

पावसाळा संपला की मोटरहोमवाल्यांची (आत राहायची सोय केलेल्या गाड्यांच्या मालकांची) पत्रं एकदम वाढतात, कारण मुंबईत या गाड्या जून ते सप्टेंबर सोसायटीत नुसत्या उभ्या असतात आणि मग दिवाळीच्या सुट्टीत अचानक लांब न्यायच्या असतात. या वेळचे प्रश्नही बहुतेक त्यातलेच.

प्रश्न : टेम्पो ट्रॅव्हलरवर बनवून घेतलेली बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा जुना निकष) मोटरहोम आहे. पूर्ण पावसाळा उघड्यावर उभी होती. आता सेल्फ मारला की चालू होते, मिनिटभर चालते आणि गचके खाऊन बंद. मग घेतच नाही. बॅटरी नवीन आहे. मेकॅनिक म्हणतो इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) गेले, खर्च मोठा सांगतोय. — एक वाचक, बोरिवली

उत्तर : थांबा, इंजेक्टर अजून खोलू देऊ नका. मिनिटभर नीट चालून बंद पडते म्हणजे बहुधा फिल्टरमध्ये आणि पाइपात होतं तेवढं डिझेल संपलं आणि टाकीतून मागचं येत नाहीये, किंवा येतंय ते पाणी येतंय. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी उभी केली असेल तर वरच्या मोकळ्या जागेतली दमट हवा रात्री थंड होते, आतून पाण्याचे थेंब धरतात आणि पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला जाऊन बसतं, चार महिन्यांत साठत जातं. त्या पाण्याच्या थरावर जंतू वाढतात, काळपट बुळबुळीत गाळ होतो, तो फिल्टर चोंदवतो.

आधी हे करा : डिझेल फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या आणि वीसेक मिनिटं बाटली हलवू नका. खाली वेगळा थर दिसला तर पाणी. काळा गाळ दिसला तर नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवून धुवावीच लागेल, नाहीतर नवा फिल्टरही लवकरच चोंदेल आणि तुम्ही तेव्हा कसारा घाटात असाल. पाणी नाही, गाळ नाही, तर डिझेलची लाइन कुठूनतरी हवा ओढतेय. रबरी पाइप, क्लॅम्प, फिल्टरचा ओ-रिंग (रबरी कडं) बघा, टाकीकडून येणाऱ्या लाइनमध्ये तात्पुरता पारदर्शक पाइप जोडला की बुडबुडे सरळ दिसतात. मग हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा पंप) कडक होईपर्यंत दाबा आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये थांबा, नाहीतर सेल्फ जळेल. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, कॉमन रेल इंजिनात (ज्यात सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल जातं) चालू गाडीचे इंजेक्टरचे पाइप सैल करायचे नाहीत, तिथे हजार बारच्या वर प्रेशर असतं, डिझेलची धार कातडीतून आत घुसते. पुढच्या पावसाळ्यात टाकी पूर्ण भरूनच गाडी उभी करा.

प्रश्न : मुलगा परदेशात असतो, त्याची बीएस-६ मोटरहोम मी सांभाळतो. दर रविवारी न चुकता दहा मिनिटं जागेवर चालू ठेवतो. तरी आता डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागलाय. — एक काका, मुलुंड

उत्तर : काका, तुमची काळजी कळते, पण हे रविवारचं चालू ठेवणं आजच बंद करा. जागेवर दहा मिनिटांत इंजिन पुरेसं तापतच नाही. डीपीएफमधली काजळी जळायला आत साधारण ६०० अंश तापमान लागतं, ते लोड घेऊन पळणाऱ्या गाडीतच मिळतं, आणि सायलेन्सरमध्ये धरलेलं पाणीही सुकत नाही. गाडी काजळी जाळायचा प्रयत्न करते, जादा डिझेल सोडते, तुम्ही मध्येच चावी फिरवता आणि ते डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून बघा, ऑइलची पातळी वाढलेली असेल तर आधी ऑइल बदला, मगच गाडी पळवा.

दिवा नुसता स्थिर लागला असेल तर पहाटे अटल सेतूवर घेऊन जा, साधारण २२ किलोमीटर सिग्नलशिवाय मिळतात, एक गिअर खाली ठेवून सत्तरच्या आसपास एकसारखी चालवा आणि परत या. टाकीत डिझेल अगदी तळाला नको, कमी असलं तर बऱ्याच गाड्या काजळी जाळायला सुरुवातच करत नाहीत. दिवा लुकलुकत असेल किंवा गाडी पॉवर घेत नसेल तर मात्र पळवू नका, वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून काजळी जाळून घ्या. दर आठवड्याला जागेवर चालू करण्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांनी एकदा तासभर खरोखर चालवलेली बरी. युरियाची वेगळी टाकी असेल तर त्यात फक्त ३२.५ टक्क्यांचं तयार डीईएफ (धूर साफ करायचं युरियाचं द्रावण), घरचं पाणी मिसळायचं नाही.

प्रश्न : काशीदला रात्री इन्व्हर्टरवर एक टनाचा एसी लावला, अर्ध्या तासात बंद. सकाळी गाडीही चालू होईना. बॅटरी १५० एएचची (अँपिअर-तासांची) आहे. — एक वाचक, ठाणे

उत्तर : १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-तास, लेड-ॲसिडमधून निम्मेच काढायचे, म्हणजे ९००. एसी तासाला हजाराच्या आसपास खातो, वर इन्व्हर्टरचा लॉस. तेव्हा अर्धा तास चालला यात बॅटरीचा दोष नाही. खरा दोष वायरिंगचा, आतल्या राहण्याच्या भागाची बॅटरी आणि इंजिनची बॅटरी मध्ये आयसोलेटर (दोन्ही वेगळ्या ठेवणारा स्विच) न टाकता जोडल्यात, म्हणून दोन्ही उतरल्या. ते आधी वेगळं करून घ्या. रात्रभर एसीसाठी कॅम्पसाइटचं लाइटचं कनेक्शनच हवं. इंजिन चालू ठेवून आत झोपायचं तर अजिबात नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणसं जातात.

प्रश्न : टायरची नक्षी नव्यासारखी आहे, बदलू का? — एक वाचक, पनवेल

उत्तर : नक्षी बघू नका, टायरच्या बाजूला ‘DOT’ या अक्षरांपुढच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. इतका जुना असेल, बाजूला बारीक भेगा असतील, तर बदला, स्टेपनीसकट.