जुना फिल्म स्कॅनर नव्या लॅपटॉपला जोडता येतो का? (आधी तो जुना डेस्कटॉप भंगारात देऊ नका!)

तुमचा प्रश्न असा, की वडिलांचा निकॉन कूलस्कॅन ४००० घरात आहे, त्याला यूएसबी नाही, लॅपटॉप विंडोज ११ चा आहे, मग जोडायचा कसा? शेवटी जाता जाता लिहिलंय, की सोबतचा जुना डेस्कटॉप या आठवड्यात भंगारवाल्याला देणार आहात. ते वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो.

देऊ नका. कुणी कितीही मागे लागलं तरी देऊ नका.

सांगलीत आमचा स्टुडिओ होता. हाच स्कॅनर आप्पांनी २००२ साली कर्ज काढून घेतला. तो यूएसबीने नाही, फायरवायर नावाच्या वेगळ्या जोडणीने कॉम्प्युटरला लागतो, म्हणून फायरवायरचं कार्ड टाकलेला कॉम्प्युटर त्याच्यासाठीच बांधून घेतला होता. आप्पा गेल्यावर २०१७ च्या दिवाळीत दादाने माळा साफ केला आणि तो सीपीयू वजनावर देऊन टाकला. मी विचारलं तर म्हणाला, "स्कॅनर ठेवलाय ना! कॉम्प्युटर काय, कुठलाही चालेल." इथेच सगळे फसतात. कुठलाही चालत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा पूर आला. पाणी उतरल्यावर लोक चिखलाने चिकटलेले अल्बम घेऊन आमच्या दारात यायला लागले. गावभागातल्या एक काकू आल्या. १९९४ सालचं लग्न, नवरा वारलेला, आणि अल्बमची पानं सोडवायला गेलं की चेहराच निघून येत होता. आमच्या निगेटिव्ह वरच्या मजल्यावर असल्यामुळे वाचल्या होत्या. पाकिटावर आप्पांच्या अक्षरात आडनाव आणि तारीख, पाच मिनिटांत सापडल्या. स्कॅनरही जागेवर होता. फक्त तो जोडायला काही नव्हतं.

दादाचं म्हणणं, लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या काचेवर निगेटिव्ह ठेव आणि मोबाईलने फोटो काढ. काढले. रंगीत निगेटिव्हला नारिंगी झाक असते, ती नीट काढता आली नाही तर उलटवल्यावर चेहरे निळे-हिरवे पडतात. शालूची जर म्हणजे नुसता पांढरा डाग. बारा बाय अठराचा प्रिंट काढला तर डोळे दिसेनात. हा स्कॅनर ४००० डीपीआयला (इंचाला चार हजार ठिपके) ३५ मिमीच्या एका फ्रेममधून दोन कोटींहून जास्त पिक्सेल काढतो, शिवाय इन्फ्रारेडने धूळ आणि ओरखडे ओळखून पुसतो. काकूंना निळ्या चेहऱ्याचा नवरा द्यायचा का, हे मी दादाला तेव्हाही विचारलं होतं.

मग भाच्याने 'फायरवायर टू यूएसबी' म्हणून काही शे रुपयांची केबल ऑनलाइन मागवली. ती अजिबात घेऊ नका. तिच्यात फक्त पिनांचा आकार बदललेला असतो. फायरवायर आणि यूएसबी यांची बोलायची पद्धतच वेगळी, त्यामुळे स्कॅनर कॉम्प्युटरला दिसतच नाही. शेवटी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर दोन दिवस हिंडून एक जुना डेस्कटॉप आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं फायरवायर कार्ड आणलं. त्यावर ३२ बिटचं विंडोज ७ टाकलं. निकॉनचं स्वतःचं सॉफ्टवेअर, निकॉन स्कॅन ४.०.३, अधिकृतपणे ३२ बिटच्या विंडोज व्हिस्टापर्यंतच आहे, पण ७ वर माझ्याकडे व्यवस्थित चालतं. पहिली पट्टी घर्र करत आत ओढली गेली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. काकूंच्या छत्तीस फ्रेम झाल्या. त्या दिवाळीपर्यंत आणखी अकरा घरांचे अल्बम झाले.

आता तुमचा लॅपटॉप. त्यात कार्ड बसवायला जागा नाही, तेव्हा त्याचा विचार सोडा. नवा कॉम्प्युटर लॅपटॉपऐवजी डेस्कटॉप असता तर त्यात पीसीआय एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड आणि व्ह्यूस्कॅन हे जुने स्कॅनर चालवणारं सॉफ्टवेअर, हा मार्ग होता. मॅकवाले थंडरबोल्ट या त्यांच्या पोर्टला ३ चा २, त्याचा फायरवायर ८००, त्याचा ४०० असे अडॅप्टर एकाला एक जोडून चालवत आले, पण मॅकओएसच्या २०२५ च्या टाहो आवृत्तीत ॲपलने फायरवायरच काढून टाकलं. कूलस्कॅन ५ किंवा ५००० असता तर रडच नव्हती, ते यूएसबीचे आहेत आणि व्ह्यूस्कॅन त्यांना विंडोज ११ वरही चालवतं. त्याहून जुना, स्कझी नावाच्या आणखी जुन्या जोडणीचा निकॉन एलएस-२००० असता तर मात्र मी आणखी कडक शब्दांत हेच सांगितलं असतं.

म्हणून तुमच्यासाठी उत्तर तोच जुना डेस्कटॉप आहे. त्याचं इंटरनेट काढून टाका, स्कॅन करा, टिफ फाइल पेनड्राइव्हने लॅपटॉपवर न्या. जागा अडते म्हणणाऱ्यांना सांगा, टेबलाखाली ठेवतोय.

दोन गोष्टी राहिल्या. साध्या ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवर ते धूळ पुसणं चालत नाही, कारण त्यातली चांदीच इन्फ्रारेड अडवते; ते बंद ठेवा. आणि तुमच्याकडे दोन-चारच रोल असतील, शिवाय मॅक्रो लेन्सचा चांगला कॅमेरा असेल, तर लाइटबॉक्सवर त्याने काढलेलंही उत्तम येतं. हे मी दादासमोरही मान्य करतो. मोबाईलचं मान्य करत नाही.

आज घरी गेलात की डेस्कटॉपची मागची बाजू बघा. सहा पिनांचं, एका टोकाला निमुळतं होणारं सॉकेट दिसलं, की तेच फायरवायर. दोन्ही यंत्रं बंद ठेवून केबल लावा. त्या केबलमधून वीजही जाते, उलटी दाबून बसवलीत तर पोर्ट जळेल. आधी स्कॅनर चालू करा, तो घरघरून शांत झाला की मग कॉम्प्युटर.