गोव्यात घरी सिरॅमिक आणि स्क्रीन प्रिंटिंग: भट्टीच्या आधी कोरडी खोली मिळवा

म्हापशाला घरात 12 बाय 14 ची एक खोली मोकळी आहे, तिथंच सिरॅमिक आणि स्क्रीन प्रिंटिंग दोन्ही मांडायचंय, तर भट्टी कोणती घ्यावी आणि खर्च किती येईल, असं तुम्ही विचारलंय. भट्टीचं सांगते, पण शेवटी. आधी खोलीबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही.

दोन्ही कामं एका खोलीत करू नका. गोव्यात तर नाहीच. चुकून ती खोली घराच्या पश्चिमेला असेल, तर घरच्यांशी भांडा, पण दुसरी मागून घ्या.

आमचं घर डिचोलीजवळ आहे. जुनं, चिऱ्याच्या भिंतींचं. मी काम सुरू केलं तेव्हा पश्चिमेकडची जुनी कोठी मला मिळाली. जूनपासून पावसाची झड सरळ त्या भिंतीवर. जुलै लागला की फरशीला ओल सुटायची, कपाटातल्या कागदांना बुरशी यायची. पूर्वेची खोली मात्र कोरडी ठणठणीत. दोन खिडक्या, वर माळा. ती पाहुण्यांची. वर्षाचे अकरा महिने तिला कुलूप. मी मागितली तर दादा म्हणाला, "चवथीला मुंबईची माणसं आली की त्यांना कुठं झोपवायचं?" विषय तिथंच संपला.

2019 ची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, 2 सप्टेंबरला होती. मला एक ऑर्डर आली: माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात, ती) चित्र छापलेल्या 150 कापडी पिशव्या आणि त्याच चित्राच्या 30 ताटल्या. नारळ, सुपारीचं शिपटं, आंबाडे, सगळं मी स्वतः काढलं होतं. पिशव्यांवर थेट छपाई. ताटल्यांसाठी अंडरग्लेझचा रंग (चकाकीच्या थराखाली लावायचा) स्क्रीनमधून, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून, पातळ कागदावर उतरवायचा आणि तो कागद अर्धवट सुकलेल्या ताटलीवर दाबून चित्र उठवायचं. एक चित्र दोन्हीकडे चालतं, म्हणून तर ही दोन कामं एकत्र करावीशी वाटतात. तुम्हालाही त्याचसाठी करायची असणार.

ताटल्या मी नऊ दिवस वाळवल्या. हाताला सुक्या लागत होत्या. पण माती भोवतालच्या हवेइतकीच सुकते. हवेत नव्वद टक्के दमटपणा असेल तर नऊ दिवस ठेवा नाहीतर एकोणीस, आतलं पाणी आतच राहतं. पहिल्या खेपेला 24 ताटल्या लावल्या. भट्टी शंभर अंशांच्या पुढे सरकली आणि आतून फट् फट् आवाज यायला लागले. पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, ती माती फोडून निघते. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर 11 ताटल्या गेलेल्या. एकीची किनार बांगडीसारखी अख्खी उभी होती आणि मधला सगळा भाग खपल्या होऊन खालच्या शेल्फवर पडला होता.

त्याच आठवड्यात स्क्रीनही गेले. जाळीला इमल्शन (उजेडानं घट्ट होणारा लेप) लावून फ्रेम त्याच खोलीत आडवी सुकत ठेवली होती, शेजारी मी माती मळत होते. चित्र ठेवून उजेड दिला (एक्सपोज केली), धुतली आणि ट्यूबलाइटसमोर धरली. आंबाड्याच्या पानांमधून सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसत होते. मातीचा कण इमल्शनवर बसतो, त्याच्याखाली उजेड पोचत नाही, धुताना तेवढी जागा उघडी पडते. दुसऱ्या फ्रेमचं इमल्शन आतून ओलंच राहिलं होतं. उजेडानं ते नीट घट्ट झालं नाही आणि पाण्याच्या धारेखाली अख्खं सुटून आलं.

पिशव्या निम्म्याच पोचल्या. दादानं ताटल्यांचे तुकडे बघितले आणि म्हणाला, "घाई केलीस." ते मला अजून लागतं. घाई नव्हती. चूक खोलीची होती.

2021 साली आईनं मध्ये पडून ती पूर्वेची खोली मला दिली. माती तीच, भट्टी तीच, हातही तेच. आता कोठीत फक्त माती. वाळवण, इमल्शन आणि छपाई पूर्वेच्या खोलीत, पावसाळ्यात दार लावून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) चालू. ताटली गालाला लावून बघते. गार लागली तर अजून ओली आहे. शिवाय भट्टी रात्रभर 80-90 अंशांवर ठेवते, झाकण बोटभर उघडं, आणि मगच चढवते. त्यानंतर पावसाळ्यात एकही ताटली फुटलेली नाही.

आता भट्टी. घरातल्या 16 अँपिअरच्या प्लगवर जेमतेम साडेतीन किलोवॉट मिळतात, म्हणजे अगदी छोटी भट्टी. स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजलेली घट्ट भांडी) करायचं तर 1220 अंशांच्या आसपास जावं लागतं, तेव्हा घरातल्या मेन बोर्डापासून वेगळी लाइन, वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग हवंच. मंजूर भार आधी वाढवून घ्या. संध्याकाळी व्होल्टेज 230 वरून 200 वर उतरलं तर भट्टीची ताकद पाऊणच उरते आणि ती वरच्या तापमानाला तासन्‌तास रेंगाळते. मी रात्री उशिरा लावते. ती झोपायच्या खोलीजवळ नको, भाजताना निघणारा धूर विषारी असतो. छप्पर असलेली पडवी उत्तम, भिंतीपासून दीड फूट सोडून. खर्च विचारलात, पण भट्टीपेक्षा वायरिंगचा आणि छपराचा खर्च माणसं धरत नाहीत, तो आधी काढा.

हे आधीच लिहायला हवं होतं: कोरड्या मातीवर झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात जाते आणि बाहेर येत नाही. डायक्रोमेटचं इमल्शन विषारी, ते घरात आणू नका, डायझोचं घ्या. मातीचे हात बादलीत धुवा, बेसिनमध्ये नाही. आणि तुमची खोली पूर्वेची असेल, मध्ये भिंत घालता येत असेल, तर 12 बाय 14 मध्येसुद्धा जमेल. भिंत मात्र छतापर्यंत हवी, पडदा चालणार नाही.

घरात कुणी पाहुण्यांचं कारण पुढे केलं तर आमच्याकडचं सांगा. मुंबईची माणसं अजूनही दर चवथीला येतात. माजघरात गाद्या घालतो, सगळे ओळीनं झोपतात, आणि आत्या दर वर्षी जाताना चार ताटल्या मागून नेते.