बाबा दिवसभर टीव्हीवर गेम खेळतात, हे व्यसन म्हणायचं का?

मुलं मोबाइल सोडत नाहीत ही तक्रार माझ्या दादरच्या केबिनमध्ये रोजची. हल्ली घरातल्या मोठ्यांबद्दलही विचारणा होऊ लागली आहे. भांडुपहून आलेलं एक जोडपं सासऱ्यांबद्दल बोलायला आलं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय सदुसष्ट, बेस्टचे निवृत्त ड्रायव्हर, पत्नी काही वर्षांपूर्वी गेलेली. काळाचौकीची चाळ पुनर्विकासाला गेल्यापासून सगळे भाड्याच्या वन बीएचकेमध्ये. नवा स्मार्ट टीव्ही आला आणि नातवाने त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा एक फुकटचा गेम टाकून दिला.

तेव्हापासून जेवण झालं की आजोबा रिमोट घेऊन बसतात. रात्री सगळे झोपल्यावर आवाज बंद करून पुन्हा तेच. हरले की चिडतात, कुणी हटकलं की जास्तच चिडतात. "या वयात व्यसन लागलं तर सुटेल का हो, मॅडम?" सुनेने विचारलं. मुलाला वेगळीच धास्ती होती: बाबा पैसे तर लावत नसतील ना?

पैशांचा प्रश्न लवकर मिटला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे, आणि हा गेम तसला नव्हताच. मध्येमध्ये जाहिराती दाखवणारा साधा गेम. तरी अशा गेममध्ये नवी गाडी, जादा नाणी विकत घ्यायची सोय असते आणि टीव्हीच्या खात्याला बहुधा मुलाचंच कार्ड जोडलेलं असतं. खरेदीसाठी पिन लावून टाका, एवढं सांगितलं.

व्यसनाचं मात्र नीट बोलावं लागलं. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' घेतला आहे. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तासांचा आकडा नाही. खेळण्यावर स्वतःचा ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ ठरतो, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहतो, आणि हे साधारण बारा महिने चालतं, त्यामुळे घर, काम, नाती कोलमडू लागतात, तेव्हा तो आजार. मी विचारलं, नातवाला शाळेतून कोण आणतं? बाबाच. कधी विसरले? कधीच नाही. औषधं, बँकेचं काम, गुरुवारचं मठात जाणं? सगळं वेळच्या वेळी. हातातला डाव अर्धा टाकून उठणाऱ्या माणसाला व्यसनी म्हणायची मला घाई नव्हती.

एकटेपणा होताच. चाळीतले सोबती कुणी विरारला, कुणी बदलापूरला पांगलेले. पण एकटा माणूस मध्यरात्री आवाज बंद करून, घामाघूम होऊन खेळत नाही. यात करमणुकीचा भाग फारसा दिसेना.

पुढच्या वेळी काका एकटे आले. पहिलंच वाक्य, "मला वेड लागलेलं नाही." मी म्हटलं, ते राहू द्या, गेम कसा आहे ते सांगा. माणूस एकदम खुलला. वळणं, ब्रेक, समोरून येणारे ट्रक. मग आवाज खाली आला. "बाई, वळण दिसतं, मी बटण दाबतो आणि गाडी उशिरा वळते. बस चालवली, एक अपघात नाही. आता हातच मागे पडायला लागलाय." थोरल्या भावाला कंपवात होता. त्याचीही सुरुवात हात मंद होण्यापासून झाली होती. हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. रोज दुपारी ते स्वतःची परीक्षा घेत होते आणि रोज नापास होत होते.

"हाच गेम मोबाइलवर खेळून पाहिलात?"

"नातवाच्या फोनवर खेळतो कधीतरी. तिथे हरवतो त्याला."

माझ्या मते उत्तर इथेच होतं. टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्यावर बरीच प्रक्रिया करतो. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मध्ये नवी चित्रं बनवतो, आणि त्यासाठी पुढचं चित्र येईपर्यंत हातातलं रोखून धरतो. मालिका बघताना हे कळत नाही. गाडी वळवताना लगेच कळतं. त्यात स्वस्त टीव्हीचा प्रोसेसर तोकडा, मेमरी कमी, रिमोटचा सिग्नल वायरलेस. उशीर साचत जातो. बऱ्याच टीव्हींच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो यातली बरीचशी प्रक्रिया बंद करतो. काही टीव्हींत तो फक्त एचडीएमआय केबलने बाहेरून जोडलेल्या यंत्रासाठी मिळतो. यांच्या टीव्हीत तो आतल्या गेमलाही लावता येत होता. नातवाने तो लावला, मागे उघडी राहिलेली ॲप बंद केली.

तरी मी त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. गेम जिंकला म्हणजे प्रकृती ठणठणीत आणि हरला म्हणजे आजार, असं दोन्हीकडून नसतं, आणि मनात भावाचं दुखणं घेऊन बसलेल्या माणसाला टीव्हीचं सेटिंग पुरत नाही. तपासणीत कंपवाताची लक्षणं आढळली नाहीत. डॉक्टरांच्या तोंडून ते ऐकल्यावरच काका रात्रीचे झोपू लागले.

मुला-सुनेला मी एवढंच सुचवलं की "किती वेळ खेळता?" हा प्रश्न काही दिवस बंद ठेवा आणि शेजारी बसून "आज कुठे अडलात?" असं विचारा. टीव्ही हॉलमध्ये असण्याचा हा मोठा फायदा आहे. फोनवरचा खेळ पांघरुणात जातो, टीव्हीवरचा सगळ्यांसमोर असतो, हवं तर त्यात शिरता येतं. वर सांगितलेली लक्षणं खरोखरच घरात दिसत असतील तर थांबू नका. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कुठूनही फुकट लागतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

काका अजून खेळतात, दुपारी तासभर, कधी जास्त. सुनेचं दोन दिवस घरून काम असतं, हॉल एकच, आणि मीटिंग नेमकी दुपारची. त्यावर तोडगा निघालेला नाही. सध्या त्या दोन दिवशी सासरे शेजारच्यांकडे पत्ते खेळायला जातात आणि सून मीटिंग संपल्याचा मेसेज करते.