भूत राहू दे, त्या तिघींचं बोल

प्रश्न : ताई, बाबांच्या बदलीमुळे जूनमध्ये आम्ही अमरावतीहून कोल्हापूरला आलो. शिवाजी पेठेत जुन्या वाड्याची माडी भाड्याने घेतलीय. मी अकरावीत आहे. वर्गातल्या तीन मुलींनी एका संध्याकाळी मला रंकाळ्यावर नेलं आणि सांगितलं, तुमच्या माडीवर भूत आहे. परगावची मुलगी. परत जायची वाट सापडत नाही म्हणून पैंजण वाजवत फिरते. मग त्या मला दारापर्यंत सोडून गेल्या. तेव्हापासून पहाटे खरंच छुमछुम ऐकू येते, झोप उडालीय. या मुली मुद्दाम छळतात. मुलांसारखं 'आलो, गेलो' बोलतात आणि माझ्या बोलण्याला हसतात. इथे मला कुणी आपलं मानत नाही. मला अमरावतीला मामाकडे राहायचंय. आईबाबांना कसं पटवू?
— माडीवरची

उत्तर : अगं पोरी, पहाटेची छुमछुम ना? म्हैस असणार. पेठांच्या बोळांत अजून गोठे आहेत. गंगावेशीत लोक म्हशीशेजारी उभं राहून धारोष्ण दूध पितात आणि दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवून मिरवतात. उद्या खिडकी उघडून बघ.

आता मुद्द्याचं. 'त्या मला दारापर्यंत सोडून गेल्या' हे वाक्य लिहून तू पुढे पळालीस. मी तिथेच अडकले. जिला छळायचं असतं तिला रंकाळ्यावर घाबरवतात आणि तिथेच सोडून देतात. या तिघी अंधारातून पेठेपर्यंत तुझ्याबरोबर चालत आल्या. माघारी जाताना त्यांच्या सोबतीला कोण होतं, विचारलंस?

आणि ते भूत बघ ना कसलं! परगावची मुलगी, परतीची वाट शोधणारी. वाडा जुना असेल, ही गोष्ट जुनी वाटत नाही मला. तुझं उतरलेलं तोंड बघून त्यांनी ती जुळवली असणार. वर्गात तुझ्याकडे इतकं लक्ष कुणाचं आहे, हे तुझ्या अजून ध्यानात आलेलं नाही.

ज्याच्याशी काही घेणंदेणं नाही त्याची चेष्टा कोल्हापूरकर करत नाही. तू 'काय करून राहिली' म्हणालीस, त्या हसल्या. त्या 'आलो' म्हणाल्या, तू नाक मुरडलंस. फिटंफाट. परगावची पोरं तर या गावाला नवी नाहीतच. शाहू महाराजांनी १९०१ साली पहिलं बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. तालमींत बाहेरगावचे पैलवान आजही येऊन राहतात. त्यांतल्या कितीकांनी पहिल्या महिन्यात उशीत तोंड खुपसलं असेल! (पैलवान कबूल करणार नाहीत.)

तुझी दया येते, पण रागही येतोय. गोष्ट ऐकून घ्यायची आणि आपली सांगायची नाही, ही कुठली रीत?

या शनिवारी तिघींना माडीवर मुक्कामाला बोलाव. त्यांच्या आयांना तुझ्या आईकडून फोन जाऊ दे. तांबडा-पांढरा त्या घरी खातातच, तुम्ही गोळाभात करा. जेवणं झाली की दिवा घालव आणि मेळघाटातल्या चकव्याची गोष्ट सांग, माणसाला रात्रभर त्याच त्याच जागी फिरवणाऱ्या. सांगायची तुझ्याच बोलीत, 'करून राहिली'सकट. हसल्या तर हसू देत.

मामाचा विषय दिवाळीनंतर. त्याआधी त्याबद्दल पत्र आलं तर मी ते उघडणारही नाही.