पहिल्यांदा विमानाने निघालायस? आधी पिशवी उघड

आई-बाबांना घेऊन इंदूरहून पुण्याला पहिल्यांदाच विमानाने चाललायस, तर तिकिटाआधी आईची पिशवी तपास. ओटीसाठी खोबऱ्याची वाटी असणारच. ती काढ. सुकं खोबरं तेलकट, पेट घेऊ शकतं, म्हणून चेक-इनच्या बॅगेतही चालत नाही. लोणच्याची बरणी चेक-इनमध्ये टाक, नीट गुंडाळून. शेव मात्र खुशाल हातात ने, इंदूरची शेव न नेता पुण्यात तोंड कसं दाखवणार! पॉवर बँकचं लोणच्याच्या अगदी उलट आहे, ती हातातल्या बॅगेतच हवी.

तपासणीच्या रांगेत चिडचिड होतेच. पट्टा, नाणी, मोबाइल, लॅपटॉप, सगळं ट्रेमध्ये. मागचा माणूस उसासे टाकतोय, पुढचे काका अजून खिसे चाचपताहेत. ‘एवढ्यात बस महूच्या पुढे गेली असती’ असं कोणीतरी म्हणतंच. आमच्या ओळखीतले काहीजण या कटकटीपायी आजही रात्रीची बसच धरतात, आणि मला ते अगदीच चूक वाटत नाही.

पण सीआयएसएफच्या जवानाशी हुज्जत घालू नकोस. नियम त्याने केलेले नाहीत. द्रवपदार्थांवरची बंधनं 2006 मध्ये लंडनला उघड झालेल्या, द्रव स्फोटकांनी विमानं उडवण्याच्या कटानंतर जगभर कडक झाली. आईची तपासणी पडद्याआड महिला कर्मचारी करते, हे तिला आधी सांग, नाहीतर बिचकेल. आणि बाबांना बजाव, ‘बॅगेत बॉम्ब आहे’ हा विनोद तिथे नको, सरळ पोलिसांकडे नेतात.

चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. दोन तास आधी पोच.